जुनी पॅकेज एसी युनिटं: दुरुस्ती, जुन्या गॅसचं नवं मशीन, की पाच महिने वाट?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर सांगता येईल. तीन मजली कार्यालयाची इमारत, छतावर दहा-दहा टनांची चार पॅकेज युनिटं, म्हणजे सगळे भाग एकाच पेटीत असलेले मोठे एसी. दोन आर-२२ या जुन्या शीतक गॅसवर चालणारी, अठरा वर्षांची. दोन त्याच्या नंतर आलेल्या आर-४१०ए वरची, अकरा वर्षांची. आर-२२ वाल्यांपैकी एकाचा कॉम्प्रेसर गेलाय. नेहमीचा ठेकेदार म्हणतो, चारही एकदम बदलून टाका. दुसरा म्हणतो, आर-४१०ए चं कोरं मशीन गोदामात पडून आहे, सवलतीत देतो, आठवड्यात बसवतो. नव्या गॅसचं मशीन हवं तर कंपनी पाच महिने सांगते. आणि तुम्ही विचारताय, कोणता गॅस घ्यावा?

माझ्या मते गॅसचा प्रश्न इथे तिसरा येतो. पहिला प्रश्न, राहिलेली मशिनं बाहेरून गॅस न घेता किती दिवस चालतील. दुसरा, त्यातलं एखादं ऐन उन्हाळ्यात बसलं तर त्या दिवशी तुम्ही काय करणार. या दोन्हींची उत्तरं हातात असली की गॅस कोणता हे बरंचसं आपोआप ठरतं. उत्तरं नसतील तर तो निर्णय तुमच्या वतीने बंद पडलेलं मशीन घेतं, आणि ते नेहमी सगळ्यात गैरसोयीच्या दिवशी घेतं.

गॅसबद्दल बाजारात जी घाबरवाघाबरवी चालते, ती आधी बाजूला काढू. आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात अडकला. विकसित देशांत त्याचं नवं उत्पादन २०२० पासून जवळपास थांबलंय, विकसनशील देशांना २०३० पर्यंत मुदत आहे. आर-४१०ए ची गोष्ट वेगळी. तो ओझोनला काही करत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या मानाने २०८८ पट उष्णता धरतो. पुढे गॅसचा ‘आकडा’ म्हणेन तो हाच. त्याच्यासाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली. तिच्यात टप्प्याटप्प्याने कपात आहे, एका रात्रीत बंदी नाही. विकसित देशांची कपात २०१९ पासून सुरू आहे, बहुतेक विकसनशील देशांचा वापर २०२४ च्या टप्प्यावर गोठवायचा होता, आणि भारत, पाकिस्तान, इराण, सौदी अरेबिया अशा काही उष्ण देशांना त्यासाठी २०२८ दिलंय. नवी मशिनं कोणत्या गॅसवर विकायची, याचे नियम प्रत्येक देशाने आपापले केले. अमेरिकेने बहुतेक नव्या वातानुकूलन यंत्रांच्या गॅसच्या आकड्याला ७०० ची मर्यादा २०२५ पासून आणली, युरोपने लहान स्प्लिटसाठी ७५० ची. म्हणून ‘आता काय चालतं’ याचं उत्तर तुमच्या देशाचा नियम वाचूनच द्यावं लागेल. एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सारखी आहे. बसवलेलं आणि चालू असलेलं आर-४१०ए चं मशीन बंद करा असं सांगायला कोणी येत नाही.

मग जुन्या गॅसची टंचाई का होते? किगालीतल्या कपातीचा कोटा किलोत मोजत नाहीत, कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य टनांत मोजतात. नव्या मशिनांतल्या दोन गॅसपैकी आर-३२ चा आकडा ६७५ आहे, आर-४५४बी चा ४६६. म्हणजे एक किलो आर-४१०ए विकायला जेवढा कोटा जळतो, तेवढ्यात आर-३२ तीन किलो विकता येतो आणि आर-४५४बी साडेचार किलोच्या जवळपास. गॅस बनवणाऱ्याने कोटा कशावर खर्च करावा हे यातच आलं. बंदीची तारीख लांब असली तरी जुना गॅस आधीपासूनच दुर्मीळ होत जातो, आणि तुमच्या हिशेबात धरायची गोष्ट ती आहे.

आता तुमच्या मशिनांकडे. एसीतला गॅस खर्च होत नाही. ‘दर उन्हाळ्यात थोडा भरावा लागतो’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी इतक्या सहजपणे ऐकतो की लोकांना तो देखभालीचाच भाग वाटू लागलाय. भरावा लागतो म्हणजे कुठेतरी सुटतोय. चारही युनिटांची मागच्या तीन वर्षांची सर्व्हिस रजिस्टरं काढा आणि कोणत्या युनिटात किती किलो गॅस घातला ते एका कागदावर लिहा. युनिटाच्या नेमप्लेटवर कारखान्यात भरलेला गॅस किती ते असतं. त्याच्याशी ताडून पाहा. अमेरिकेतल्या नियमांत मोठ्या वातानुकूलन यंत्रांची वार्षिक गळती १० टक्क्यांवर गेली की ती दुरुस्त करणं बंधनकारक होतं. तुम्हाला तो नियम लागू असो वा नसो, आकडा म्हणून तो धरायला बरा आहे. त्याच्या आत असेल तर मशीन ठेवण्याजोगं. पाव भाग गॅस दरवर्षी जात असेल तर त्या मशीनचं वय विचारायची गरजच नाही.

रजिस्टरात किलो लिहिलेलेच नसतील, नुसतं ‘गॅस टॉप-अप केला’ एवढंच असेल, तर ठेकेदाराला ते आजपासून लिहायला लावा. ही माहिती नसताना चार मशिनं बदलण्याचा सल्ला कोणी कशाच्या आधारावर देतो, हे मला समजत नाही.

गळती कुठून आहे यालाही महत्त्व आहे. सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, एखादा नट, ब्रेझिंगचा (धातू वितळवून केलेला) सांधा यांतून जात असेल तर तो दुरुस्तीचा विषय. कॉईलच्या नळ्यांनाच बारीक छिद्रं पडू लागली असतील तर आज एक बुजवाल, दोन महिन्यांनी दुसरं सापडेल. अकरा वर्षांच्या मशीनला नवी कॉईल मिळत असेल तर विचार करता येतो. अठरा वर्षांच्या आर-२२ युनिटाला मी कॉईल घालणार नाही.

कॉम्प्रेसर गेलाय त्या युनिटाबद्दल मला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, दहा टनांच्या बऱ्याच पॅकेज युनिटांत दोन कॉम्प्रेसर आणि दोन वेगळी सर्किटं, म्हणजे गॅस फिरण्याच्या दोन स्वतंत्र वाटा, असतात. तुमच्यात तसं असेल तर दुसरं सर्किट अजून चालू आहे का? असेल तर तुमच्याकडे पाच टन आहेत, आणि अर्ध्या क्षमतेवर पाच महिन्यांतले बरेचसे दिवस निभावतात. अशा वेळी मी संध्याकाळी सगळं बंद करून सकाळी नऊला चालू करण्याऐवजी पहाटेच चालू करायला सांगतो. इमारत गार असतानाच ती गार ठेवणं अर्ध्या मशीनला जमतं, तापलेली उतरवणं जमत नाही. ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हटल्यावर लोक अख्खं युनिटच मेलं असं धरतात, म्हणून मुद्दाम विचारतोय.

दुसरी गोष्ट, तो गेला कशाने? वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळलं असेल तर तेलाची आम्ल चाचणी करून घ्या. यांत्रिक बिघाड असेल तर कॉम्प्रेसरमध्ये द्रव गॅस परत येत होता का, ते पाहा. कंडेन्सर कॉईल धुळीने भरलेली, कॉन्टॅक्टरचे (कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळके, तिन्ही फेजच्या व्होल्टेजमध्ये तफावत, ही नेहमीची कारणं. मशीन बदलणार असलात तरी कारण शोधाच, कारण व्होल्टेजचा दोष नव्या मशीनच्या कॉम्प्रेसरलाही तसाच लागेल.

मध्येच एक सल्ला हमखास येईल: आर-२२ च्या जागी दुसरा ‘बसणारा’ गॅस भरा. आर-४२२डी किंवा आर-४३८ए सारखे गॅस त्यासाठीच बनलेले आहेत, जुन्या खनिज तेलाबरोबर बहुतेक वेळा चालतात, थोडी क्षमता घटते. पण त्या दोघांचेही आकडे २००० च्या वर आहेत, म्हणजे तेही त्याच कपातीच्या रांगेत उभे. एका संपणाऱ्या गॅसवरून दुसऱ्या संपणाऱ्या गॅसवर उडी मारायची, तीही अठरा वर्षांच्या मशीनसाठी, हे मला पटत नाही. फार तर एक हंगाम काढायचा असेल तर, तोही आधीचा गॅस पूर्ण काढून घेऊन. उरलेल्या आर-२२ वर वरून दुसरा गॅस ओतला की ते मिश्रण ना धड वापरता येतं, ना शुद्ध करता येतं.

दोन गोष्टी मात्र कोणी कितीही खात्रीने सांगितल्या तरी करू देऊ नका. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-४१०ए भरणं ही एक. त्याचा दाब दीडपटीहून जास्त असतो, आणि नळ्या व कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेले नसतात. दुसरी, आर-४१०ए च्या मशीनमध्ये आर-३२ किंवा आर-४५४बी भरणं. दाब जवळपास जुळतो, त्यामुळे मशीन चालतंही, आणि धोका नेमका तिथेच आहे. हे दोन्ही गॅस थोडेसे ज्वलनशील आहेत. नव्या मशिनांत त्यासाठी गळतीचे सेन्सर असतात आणि विजेचे भाग वेगळ्या पद्धतीने बसवलेले असतात. जुन्यात यातलं काहीच नसतं.

तर मी काय करेन? बंद पडलेलं आर-२२ युनिट आता बदलेन. त्याच्या चालू सर्किटातला गॅस काढून, सिलिंडरात वेगळा ठेवून, त्यावर तारीख आणि युनिटाचा नंबर टाकेन. तो जोडीच्या आर-२२ युनिटाचा साठा. जळलेल्या सर्किटातला गॅस यात घेऊ नका, त्यात आम्ल असतं. काढलेला गॅस आपल्याच दुसऱ्या मशीनमध्ये भरायला अमेरिकेत परवानगी आहे. युरोपात मात्र २०१५ पासून आर-२२ सर्व्हिससाठीही वापरता येत नाही, तेव्हा तुमच्याकडचा नियम आधी बघा. गॅसबरोबर पंख्यांच्या मोटारी, कॉन्टॅक्टर, कंट्रोल बोर्ड, चांगला राहिलेला कॉम्प्रेसर हेही उतरवून ठेवा. भंगारवाल्याला सांगाडा जाऊ द्या. जोडीच्या युनिटाला त्यामुळे एक-दोन वर्षं सहज मिळतात, आणि तेवढ्या वेळात त्याच्या जागेचं मशीन घाई न करता, थंडीच्या दिवसांत मागवता येतं.

अकरा वर्षांच्या दोन आर-४१०ए युनिटांना गळती नसेल तर हात लावणार नाही. छतावरच्या पॅकेज युनिटाचं आयुष्य साधारण पंधरा वर्षं धरतात. त्यांचा गॅस जगभरातल्या इतक्या मशिनांत भरलेला आहे की काढून शुद्ध केलेला माल पुढची काही वर्षं बाजारात राहणारच. महाग मिळेल, पण गळत नसलेल्या मशीनला त्याच्याशी काय देणंघेणं?

‘चारही बदला’ म्हणणारा ठेकेदार तुम्हाला फसवतोय असं मात्र मी म्हणणार नाही. छतावर मशीन चढवण्यात क्रेनचा दिवस हा मोठा खर्च असतो, आणि क्रेन एकदा आली की दुसरं मशीन चढवण्याचा वाढीव खर्च थोडा असतो. क्रेनसाठी रस्ता बंद करावा लागत असेल, किंवा छताचं वॉटरप्रूफिंग यंदाच व्हायचं असेल, तर आर-२२ ची दोन्ही एकदम बदलण्याच्या बाजूने मी जाईन. तेव्हा साठवलेल्या गॅसचा हिशेब सोडून द्यावा लागतो. चारही बदलायला मात्र इमारतीची सगळी कंट्रोल प्रणालीच नवी करायची असेल तरच होकार देईन.

गोदामातल्या आर-४१०ए मशीनचं उत्तर ‘कधीच नाही’ असं नाही. पॅकेज युनिटात गॅस कारखान्यातच भरलेला असतो, सगळे सांधे कारखान्यात झालेले असतात, म्हणून ते साइटवर जोडलेल्या नळ्यांच्या स्प्लिटपेक्षा किंवा डझनांनी सांधे असलेल्या व्हीआरएफपेक्षा (एका बाहेरच्या युनिटाला अनेक आतली युनिटं जोडणाऱ्या प्रणालीपेक्षा) कमी गळतं. जुन्या गॅसचा धोका पॅकेजमध्ये त्या मानाने लहान. तुमच्या तंत्रज्ञाला ते मशीन माहीत आहे, हत्यारं तीच चालतात. पण घेण्याआधी नियमात तारीख कशाला लावलीय ते वाचा: बनवण्याला, विकण्याला, की बसवण्याला. अमेरिकेतच या तारखा वेगवेगळ्या होत्या आणि पुढे त्यांच्यावर फेरविचारही निघाला, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका. वॉरंटी कारखान्यातून निघाल्यापासून धरतात की चालू केल्यापासून, हे लेखी घ्या. दोन वर्षं गोदामात पडलेल्या मशीनची वॉरंटी अर्धी संपलेली असू शकते. अर्ध्या क्षमतेवरही तुमचं भागत नसेल आणि नियम परवानगी देत असेल, तर मी ते घेईन. भागत असेल तर घेणार नाही, कारण नवं मशीन पंधरा वर्षं राहतं आणि तेवढ्या काळात कपातीचे बरेच टप्पे येऊन जातात.

नव्या गॅसमध्ये आर-३२ की आर-४५४बी हा वाद मंचांवर फार रंगतो. पॅकेज युनिट घेणाऱ्याच्या हातात तो फारसा नसतो, कंपनीने मशीन ज्यावर बनवलं तो गॅस. आर-३२ एकच पदार्थ आहे, गळती झाल्यावर वरून भरता येतो. त्याचा कॉम्प्रेसर जरा जास्त तापतो, पण मशीन त्यासाठीच बनलेलं असतं. आर-४५४बी हे आर-३२ आणि आर-१२३४वायएफ यांचं मिश्रण, तो द्रवरूपातच भरावा लागतो. मी यापेक्षा हे विचारेन की माझ्या ठेकेदाराकडे त्यांची हत्यारं आहेत का. ज्वलनशील गॅस काढून घेणारं रिकव्हरी मशीन आणि त्यासाठी मान्य असलेला लीक डिटेक्टर लागतो. त्या सिलिंडरांचे आटेही उलटे असतात, त्यामुळे जुना होज अडॅप्टरशिवाय बसत नाही. आणि ऑर्डरमध्येच त्या गॅसचा एक सिलिंडर धरा. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आर-४५४बी मिळेनासा झाला, त्यात गॅसपेक्षा तो भरायच्या सिलिंडरांचाच तुटवडा मोठा होता. नवं मशीन छतावर उभं आणि पहिल्या दुरुस्तीला गॅस नाही, अशी वेळ तुमच्यावर नको.

ज्वलनशील शब्दाने घाबरून जाऊ नका. या वर्गातले गॅस फार सावकाश जळतात, ज्योतीचा वेग सेकंदाला १० सेंटीमीटरच्या आत. तरी डक्टमधून (खोल्यांत हवा नेणाऱ्या मार्गातून) गळालेला गॅस कोणत्या खोल्यांत जाईल आणि त्या खोल्यांचं आकारमान पुरेसं आहे का, हा हिशेब विक्रेत्याकडून कागदावर मागा. मोठ्या हॉलला अडचण येत नाही. डक्ट दोन-तीन छोट्या केबिनपुरताच असेल तर येऊ शकते.

उरले ते पाच महिने. हा आकडा फोडून विचारा. बऱ्याचदा मूळ मशीन लवकर मिळतं आणि एखाद्या पर्यायामुळे ते अडतं: गंजरोधक लेप दिलेली कॉईल, कारखान्यात बसवलेला कंट्रोल बोर्ड, बाहेरची हवा घेणारा डॅम्पर (झडप). ‘कशामुळे पाच महिने?’ एवढं विचारलं की कधीकधी तो पर्याय नंतर साइटवर बसवायचा ठरतो आणि मुदत निम्म्यावर येते. घड्याळ ऑर्डर दिल्यापासून सुरू होतं की ड्रॉइंग मंजूर केल्यापासून, तेही विचारा. ड्रॉइंग तुमच्याच टेबलावर तीन आठवडे पडून राहिलं तर तो उशीर कंपनीच्या खात्यात जात नाही.

त्या वाटेच्या काळात करण्यासारखी कामं आहेत. सगळ्यात महत्त्वाचं, उष्णतेचा भार नव्याने काढा. अठरा वर्षांपूर्वी दहा टन कशावरून आले होते? तेव्हाच्या ट्यूबलाइटच्या जागी आता एलईडी असतील, संगणक कमी वीज खाणारे असतील, पण माणसं दाटीने बसत असतील. साडेसात टन पुरत असतील तर दहा टनांचं मशीन घेऊ नका. ते लवकर थंड करून वारंवार बंद पडतं, दमटपणा काढत नाही, आणि लोक ‘गार आहे पण चिकट वाटतं’ म्हणून तक्रार करत राहतात. टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, तेव्हा जुन्या डक्टमधून किती हवा जाते तेही मोजून घ्या. नवं मशीन जुन्या चौकटीवर तसंच बसत नाही, मधली जोडचौकट लागते आणि तिची ऑर्डर वेगळी जाते. ती उशिरा आली म्हणून क्रेन परत पाठवावी लागणं हा या धंद्यातला ठरलेला प्रकार आहे. वजनही पाहा. जास्त कार्यक्षम मशिनांच्या कॉईल मोठ्या, म्हणून ती जड असतात. छताचा भार अभियंत्याकडून तपासून घ्या. केबल आणि ब्रेकर मात्र नव्या नेमप्लेटवरून ठरवा, जुन्यावरून नाही.

दोन गोष्टींवर माझं सगळं उत्तर बदलू शकतं. त्या बंद युनिटाच्या हद्दीत सर्व्हर खोली असेल तर अर्ध्या क्षमतेचा सल्ला रद्द समजा, तिथे लगेच वेगळा छोटा एसी लावा. आणि जागा भाड्याने दिलेली असून कराराप्रमाणे थंडावा देणं तुमच्यावर बंधनकारक असेल, तर भाड्याचं मशीन डक्टला कुठून जोडता येईल ते आत्ताच ठरवून ठेवा. बिघाड झाल्यावर अशी मशिनं शोधणारे तुम्ही एकटे नसता.

दुसरं सर्किट चालू आहे का, रजिस्टरात किलो किती निघाले, आणि चारही नेमप्लेटवरचे आकडे, एवढं इथेच लिहा. त्यावरून जोडीच्या आर-२२ युनिटाला किती वेळ देता येईल ते जास्त नेमकं सांगता येईल.